शरदातील परसबाग: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या महिन्याच्या टपालातील बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: पाऊस ओसरत आला, तर आता बागेत काय पेरावे? प्रश्न स्वाभाविक आहे, पण मला तो थोडा घाईचा वाटतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणपणे १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून परतू लागतो, मुंबईतून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास निघतो, आणि रात्री खऱ्या अर्थाने गार व्हायला त्यानंतरही दोन-तीन आठवडे लागतात. मधले दिवस आश्विनातल्या कडक उन्हाचे असतात. मुंबईत तर ऑक्टोबरचे सरासरी कमाल तापमान ३३ अंशांच्या पुढे जाते. पाऊस थांबला म्हणजे थंडी आली, असे समजून या दिवसांत बी पेरले की ते वाया जाते आणि दोष बियाण्याला लागतो. हे तीन आठवडे मातीसाठी राखून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: गच्चीवर पंचवीस-तीस कुंड्या आहेत. पावसाळ्यानंतर त्यांतील माती दगडासारखी घट्ट झाली आहे, वर हिरवे शेवाळ आले आहे आणि घातलेले पाणी कडेने वाहून जाते. माती बदलावी लागेल का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर: संपूर्ण माती टाकून देण्याची गरज नाही. चार महिने पावसाचे थेंब वरून आदळत राहिल्यामुळे मातीचे बारीक कण खाली बसतात, त्यांच्यामधली हवेची जागा नाहीशी होते आणि कुंडीतील मातीची पातळी दोन-तीन इंचांनी खाली जाते. शिवाय पाण्यात सहज विरघळणारे नत्र आणि काही प्रमाणात पालाशही तळाच्या छिद्रांतून वाहून जाते. पावसाळ्यात कुंडीखाली दिसणारे तपकिरी पाणी म्हणजे आपण घातलेल्या खताचा अर्कच असतो. त्यामुळे मातीची रचना मोडली आहे आणि तिचा कसही उतरला आहे, अशा दोन वेगळ्या गोष्टी आपल्याला दुरुस्त करायच्या आहेत.

प्रथम वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, येऊ द्यावा. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि तो बोटाने हलकेच टोचावा. तो भुगा होऊन सुटला तर माती कामाला तयार आहे, आणि चिकट राहून त्यावर बोटाचा ठसा उमटला तर आणखी दोन दिवस थांबावे. ओल्या मातीत खुरपे घातल्याने जेवढे नुकसान होते, तेवढे संपूर्ण पावसाळ्यानेही झालेले नसते, कारण काळी माती ओली असताना हलवली की तिची ढेकळे वाळून विटेसारखी होतात.

वाफसा आल्यावर ज्या कुंड्यांतील हंगामी झाडे संपली आहेत, त्यांतील माती गोणपाटावर तीन-चार इंचांच्या थरात पसरावी आणि चार-पाच दिवस कडक उन्हात वर-खाली करीत वाळवावी. ऑक्टोबरच्या उन्हाविषयी आपण एरवी तक्रार करतो, पण याच उन्हाने मातीतील बुरशी, किडींचे कोष आणि गोगलगायींची अंडी पुष्कळशी नष्ट होतात. रिकाम्या कुंडीची छिद्रे आतून काडीने मोकळी करून त्यांवर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. नंतर वाळवलेली माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि उसाचे वाळलेले पाचट, नारळाच्या शेंड्यांचा भुसा किंवा चुरडलेला पालापाचोळा साधारण अर्धा भाग, असे मिश्रण करावे. बारा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड पुरते. कुंडी भरल्यावर एकदा पाणी द्यावे आणि आठ-दहा दिवस तशीच राहू द्यावी, म्हणजे माती बसते आणि पेंडीची सुरुवातीची ऊब निघून जाते.

ज्या कुंड्यांत जास्वंद, कढीपत्ता, लिंबू अशी कायमची झाडे आहेत, त्यांची मुळे उघडी पाडू नयेत. वरचा दोन-तीन इंचांचा थर शेवाळासह खरवडून काढावा, बोथट काडीने कडेकडेने सात-आठ ठिकाणी खोलवर टोचावे आणि मोकळ्या जागेत खत व माती भरावी. शेवाळ झाडाला मारत नाही. पाणी साचते आणि ऊन कमी पोहोचते, एवढेच ते सांगत असते.

प्रश्न: गणपती आणि नवरात्रीतील निर्माल्य घरीच जिरवावे, या हेतूने ते एका पिंपात साठवले, परंतु त्याला दुर्गंधी सुटली आणि अळ्या झाल्या. शेजारी तक्रार करू लागले आहेत. (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर: आपला हेतू चांगला आहे आणि चूक लहानशी आहे. झेंडू, शेवंती, दुर्वा, पत्री हे सर्व ओलसर आणि नत्राने भरलेले पदार्थ आहेत. ते एकटेच ढीग करून ठेवले की दबतात, आत हवा शिरत नाही, आणि हवेवाचून कुजणाऱ्या पदार्थाला वास येतोच. निर्माल्याच्या एका टोपलीबरोबर वाळक्या पानांच्या दोन ते तीन टोपल्या हव्यात, हे प्रमाण सांभाळले की वास थांबतो. हारातील दोरे, जरी आणि प्लास्टिकची पाने आधी काढावीत. पिंपाच्या तळाला व बाजूंना भोके पाडावीत, तळाशी काटक्यांचा थर द्यावा, त्यावर आलटून-पालटून वाळकी पाने व निर्माल्य घालावे आणि प्रत्येक थरावर मूठभर जुने कंपोस्ट किंवा बागेतील माती टाकावी. आठवड्यातून एकदा ढीग उलथावा. ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतका असावा. बदामाची व आंब्याची पाने जाड असल्यामुळे ती गोणीत भरून पायाने चुरडावीत, नाहीतर ती सहा महिन्यांनीही जशीच्या तशी सापडतात.

आत्ताचे पिंप ओतून टाकू नका. त्यात वाळकी पाने आणि नारळाचा भुसा मिसळा, म्हणजे तीन-चार दिवसांत फरक दिसेल. अळ्या बहुधा काळ्या माश्यांच्या असतात आणि त्या कचरा वेगाने फस्त करतात. त्यांचा झाडांना त्रास नाही. ढीग कोरडसर झाला की त्या आपोआप कमी होतात. घटाच्या परडीतील मातीही याच पिंपात किंवा सरळ कुंडीत जाऊ द्यावी. ती नऊ दिवसांच्या कोवळ्या मुळांनी भरलेली, अत्यंत भुसभुशीत माती असते.

प्रश्न: सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मेथी, कोथिंबीर आणि वाटाणा पेरला. मेथी उगवून पिवळी पडली, कोथिंबीर अगदी विरळ आली आणि वाटाणा कुजला. बियाणे खराब होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: बियाण्यावर इतक्यात ठपका ठेवू नये. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, पण तिच्या मुळांशी पाणी साचले तर रोप पिवळे पडून बुडापासून कोलमडते. परतीच्या पावसाच्या सरींत हे नेहमी घडते. वाटाणा मुळात थंडीचा आहे. ओल्या आणि उबदार मातीत त्याचे बी उगवण्याआधी सडते, म्हणून त्याला ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्याआधी हात लावू नये.

कोथिंबिरीचे थोडे निराळे आहे. धन्याचा प्रत्येक गोल दाणा म्हणजे दोन बियांचे फळ असते. ते अखंड पेरले तर पाणी आत उशिरा शिरते. धने चप्पल किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी फडक्यात निथळून पेरावेत आणि वर अर्धा इंचच माती टाकावी. एवढे करूनही उगवणीला आठ ते बारा दिवस लागतात, आणि दुपारचे तापमान ३० अंशांच्या खूप वर असेल तर उगवण मंदावते व आलेली रोपे लवकर फुलावर जातात. म्हणून पहिला वाफा दसऱ्यानंतर आणि पुढचे दर पंधरा दिवसांनी पेरावेत. एकदम सगळे बी टाकल्यास एकाच आठवड्यात घरभर कोथिंबीर होते आणि नंतर पुन्हा बाजार गाठावा लागतो.

माझ्या बागेत मी असा क्रम पाळतो: ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुळा, पालक, चवळी आणि तांबडा माठ, कारण या भाज्या उष्णता बऱ्यापैकी सोसतात. त्यानंतर मेथी, कोथिंबीर, गाजर, बीट आणि लसूण. वाटाणा सर्वांत शेवटी. गाजर व मुळा जागेवरच पेरावेत. त्यांची रोपे उपटून लावली की मुळाला फाटे फुटतात. टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर यांची रोपे तयार व्हायला चार ते पाच आठवडे लागतात. ज्यांनी सप्टेंबरात ती टाकली नाहीत, त्यांनी आता बियांच्या मागे न लागता खात्रीच्या रोपवाटिकेतून रोपे आणावीत. फ्लॉवरच्या बाबतीत एक प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा, तो म्हणजे वाण लवकरचा आहे की उशिराचा. या भाजीचे वाण तापमानानुसार वेगळे असतात आणि चुकीच्या वेळी लावलेला वाण एकतर बटणाएवढा गड्डा धरतो किंवा नुसती पाने देतो.

जुन्या पाकिटातील बियांची शंका असेल तर वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि कितींना मोड येतात ते मोजावे. बारा-तेरांनाच मोड आले तर बी थोडे दाट टाकावे, आणि पाच-सहांनाच आले तर ते पाकीट बाजूला ठेवावे. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' असे आपल्याकडे म्हणतात. सूर्य स्वाती नक्षत्रात २४ ऑक्टोबरच्या सुमारास जातो आणि त्या सुमाराची एखादी सर शेतातल्या रब्बीला खरोखर मोलाची असते. घरच्या गादीवाफ्यातील कोवळ्या रोपांना मात्र तीच सर आडवे करते, तेव्हा जुनी साडी किंवा हिरवी जाळी हाताशी ठेवावी.

प्रश्न: जूनमध्ये लावलेला वालाचा वेल संपूर्ण मांडव व्यापून बसला आहे, पण एकही फूल नाही. खत कमी पडले का? की वेल काढून टाकावा? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर: कृपया काढू नका, आणि खतही घालू नका. पारंपरिक वाल आणि पावटा यांचे बहुतेक वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. आपल्या भागात जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, ऑक्टोबरच्या मध्यावर तो बारा तासांहून कमी होतो आणि डिसेंबरअखेर अकरा तासांवर येतो. वनस्पती खरे तर रात्रीची लांबी मोजतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून १९२० मध्ये दिवसाच्या लांबीचा आणि फुलोऱ्याचा हा संबंध मांडला. आपल्या आज्यांना तो शब्दांत मांडता येत नसेल, पण वाल कार्तिकात फुलतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपला वेल चार महिने नुसता वाढला, याचे कारण तो फार लवकर लावला गेला. रायगडात भातकापणीनंतर शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल टाकतात, तो लहान असतानाच फुलावर येतो आणि जागाही कमी घेतो. यंदा एवढेच करा, की मांडवाच्या आतल्या पिवळ्या व रोगट फांद्या काढून हवा खेळती करा, शेंडे एकदा खुडा आणि पाणी बेताचे द्या. नत्राचे खत आता दिले तर आणखी पानेच येतील. फुले येताच मावा या काळ्या, रस शोषणाऱ्या किडीवर नजर ठेवा. तो शेंड्यांवर दाटतो तेव्हा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढणे हा पहिला आणि पुष्कळदा पुरेसा उपाय आहे.

आणखी एक विनंती. या दिवसांत कुंपणाशी भांबुर्डा उगवतो. तण म्हणून तो सरसकट उपटू नका. डिसेंबरात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीसाठी, म्हणजे त्या शेंगा मडक्यात भाजण्यासाठी, तोच पाला लागतो, आणि अलीकडे तो शोधत हिंडावे लागते.

प्रश्न: माझी शेवंती दरवर्षी उशिरा आणि कमी फुलते, मात्र शेजारच्या घरची त्याच रोपवाटिकेतून आणलेली शेवंती दिवाळीत भरून येते. (एक वाचिका, सांगली)

उत्तर: आपल्या कुंडीवर रात्री दिवा पडतो का, ते पाहा. शेवंतीही लांब रात्रीवर फुलणारी आहे, आणि रस्त्याचा किंवा जिन्याचा दिवा तिच्यावर रात्रभर पडत असेल तर तिच्या लेखी रात्र झालेलीच नसते. कुंडी संध्याकाळी अंधारलेल्या कोपऱ्यात हलवावी किंवा दिव्याच्या बाजूला पुठ्ठा आडवा लावावा. कळ्या एकदा स्पष्ट दिसू लागल्या की फारशी काळजी नाही, त्यामुळे आकाशकंदील तिच्याजवळ निश्चिंतपणे लावावा.

प्रश्न: गुलाब आणि मोगरा या दोन्हींची छाटणी दसऱ्याला करावी, असे सांगितले जाते. ते योग्य आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: गुलाबासाठी योग्य, मोगऱ्यासाठी नाही.

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबून तीन-चार कोरडे दिवस गेल्यावर करावी, मग दसरा आधी येवो की नंतर. ओल्या हवेत केलेल्या कापातून बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत जाते. वाळक्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात. उरलेल्या चार-पाच जोमदार फांद्या निम्म्यावर आणाव्यात आणि प्रत्येक काप बाहेरच्या दिशेने पाहणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे फुटव्याच्या कोंबाच्या, वर पाव इंचावर, तिरका घ्यावा. कात्री धारदार हवी. चिरडलेली फांदी भरून येत नाही. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या दोन वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात कालवून एकत्र केले की ती घरी तयार होते. कलमाच्या सांध्याखालून आलेला फुटवा हा जंगली खुंटाचा असतो आणि तो मुळाशी काढावा लागतो. सात पानांची फांदी जंगली, ही समजूत विश्वासार्ह नाही. चांगल्या जातींनाही कधी कधी सात पर्णिका येतात. फांदी कोठून निघाली आहे, एवढेच पाहावे. काळे डाग पडलेली गळकी पाने कंपोस्टमध्ये न टाकता घराबाहेर काढावीत. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांनी पहिला बहर येतो.

मोगऱ्याची फुले उन्हाळ्यात येतात. त्याला नोव्हेंबरपासून पाणी कमी करीत न्यावे, डिसेंबरअखेर ते जानेवारीत छाटावे आणि मग खत-पाणी सुरू करावे. दसऱ्याला छाटल्यास थंडीत कोवळी फूट येते, ती खुरटते आणि चैत्रात फुले कमी मिळतात.

प्रश्न: यंदा बागेत मोठ्या शंखी गोगलगायींनी पपई आणि झेंडूची रोपे रात्रीतून संपवली. आता त्या दिसत नाहीत. संकट टळले असे समजावे का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर: टळलेले नाही. या आफ्रिकी गोगलगायी कोरडे दिवस आले की मातीत, विटांखाली, कुंड्यांच्या तळाशी शिरतात, शंखाचे तोंड पडद्याने बंद करतात आणि पुढच्या पावसापर्यंत निपचित राहतात. त्यांची अंडी साबुदाण्यासारखी, पिवळसर पांढरी, मातीत दोन-तीन इंचांवर झुबक्याने सापडतात. एकेका झुबक्यात शंभराहून अधिक अंडी असू शकतात. म्हणून त्यांना संपवण्याची खरी वेळ आत्ताची आहे. संध्याकाळी भिजवलेले गोणपाट पसरून त्याखाली पपईच्या साली ठेवाव्यात, पहाटे जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या तीव्र पाण्यात बुडवाव्यात आणि नंतर खोल खड्ड्यात पुराव्यात. मीठ थेट बागेतल्या मातीवर मात्र टाकू नये. त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण त्यांच्या शरीरात माणसाला घातक ठरणारे सूक्ष्म कृमी असू शकतात. विटांचे ढीग हलवावेत, वाफ्याच्या कडा खणून अंडी उन्हात उघडी टाकावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण संपूर्ण गल्लीने एकाच आठवड्यात केले तर पुढच्या वर्षीचा फरक डोळ्यांना दिसतो.

त्याच फेरीत गाजरगवतही फुलण्यापूर्वी मुळासकट काढून घ्यावे. हातमोजे घालावेत आणि ज्यांना त्वचेचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

प्रश्न: आमची दक्षिणेकडची बाल्कनी पावसाळ्यात सावलीत होती, म्हणून तेथे नेचे, मनीप्लांट आणि कॅलॅडियम ठेवले. आता त्यांची पाने करपू लागली आहेत. पाणी वाढवावे का? (एक वाचिका, दादर, मुंबई)

उत्तर: पाणी नव्हे, जागा बदलावी. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मे ते जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत वरचा सज्जा सावली धरतो. ऑक्टोबरपासून तो दक्षिणेकडे कलतो आणि डिसेंबरअखेर मुंबई-पुण्याकडे दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच राहतो, म्हणून ऊन तिरके होऊन थेट घरात येते. सावलीची झाडे आता उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत हलवावीत आणि ही बाल्कनी टोमॅटो, मिरची, मेथी, झेंडू, पेटुनिया यांना द्यावी. शहरातल्या सदनिकेत दक्षिणेची बाल्कनी असणे हे हिवाळी भाजीसाठी भाग्यच आहे. कॅलॅडियमची पाने थोड्याच दिवसांत आपोआपही मावळतील. त्याचा कंद विश्रांती घेतो, तेव्हा कुंडी कोरड्या जागी ठेवून द्यावी.

प्रश्न: दिवाळीत आठ दिवस गावी जायचे आहे. कुंड्यांखाली पाण्याने भरलेल्या थाळ्या ठेवल्या तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: कृपया ठेवू नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्थिर, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे आपण परत येता तेव्हा तो उडायला तयार असतो. ऑक्टोबरात हा धोका विशेष असतो. एरवीही थाळ्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात, कारण अंडी कडेला चिकटून कोरडेपणातही टिकतात.

कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्यातील हवा दमट राहते. मातीवर दोन इंच वाळक्या पानांचे आच्छादन द्यावे आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी व सकाळी असे दोनदा भरपूर पाणी द्यावे. लहान कुंड्यांसाठी झाकणाच्या बादलीतून जाड सुती दोरी मातीत खोचावी. बादली कुंडीच्या तोंडापेक्षा थोडी उंच ठेवून ही दोरी आठ दिवस पाणी झिरपवत राहते, मात्र जाण्यापूर्वी दोन दिवस तिची परीक्षा घ्यावी. झाकणातील भोक दोरीपुरतेच ठेवावे, कारण त्यातून डासालाही वाट मिळू शकते.

प्रश्न: घरामागे जांभ्या दगडाची लाल माती आहे. आजोबा सरद आणि वायंगण या शब्दांत बोलत असत. आता तेथे काय लावता येईल, आणि आठ वर्षांच्या आंब्याला पाणी सुरू करावे का? (एक वाचक, पेडणे, गोवा)

उत्तर: सरद म्हणजे पावसावरचे भात आणि वायंगण म्हणजे त्यानंतरचे, साठवलेल्या पाण्यावरचे पीक. आपल्याकडे ऋतूचे नावच पिकाला मिळाले आहे, आणि ते शब्द घरात टिकावेत असे मला मनापासून वाटते. तांबडी भाजी, मुळा, चवळी, मिरची आणि वांगी ही त्या मातीत चांगली येतात. आगशीची वांगी तर प्रसिद्धच आहेत. लाल माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातून पाणी व खत लवकर निघून जाते, म्हणून शेणखत सढळ हाताने, चुलीची राख थोडी आणि माडाच्या झावळ्यांचे आच्छादन, या तीन गोष्टी आवश्यक आहेत.

आंब्याला पाणी देऊ नये. मोहर धरण्यासाठी फळणाऱ्या झाडाला पावसाळ्यानंतर ताण मिळावा लागतो. आत्ता पाणी दिले तर पालवी फुटते आणि मोहर मागे पडतो. फळे वाटाण्याएवढी झाली की मग पाणी सुरू करावे. तीन-चार वर्षांच्या आतील कलमांना हा नियम लावू नये.

प्रश्न: येथे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गोठवणारी थंडी येते. अंगणातील कढीपत्त्याची कुंडी केव्हा आत घ्यावी? गेल्या वर्षी आत घेतल्यावर सर्व पाने गळली. (एक वाचिका, न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर: रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसखाली, म्हणजे ५० फॅरनहाइटच्या खाली, जाऊ लागण्यापूर्वी कुंडी आत यावी. हिमाची वाट पाहू नये. परंतु एकाच दिवशी भर उन्हातून घरात आणल्यास पाने गळतातच. आधी आठवडाभर ती ओसरीवर अर्ध्या सावलीत ठेवावी, पानांच्या खालच्या बाजूला खवले कीड व लाल कोळी कीड आहे का ते पाहून संपूर्ण झाड सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे आणि मग दक्षिणेच्या खिडकीशी, गरम हवेच्या झरोक्यापासून दूर ठेवावे. थोडी पाने तरीही गळतील. खोड नखाने खरवडल्यावर आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. हिवाळाभर खत नको, पाणी माती वरून सुकल्यावरच द्यावे. नवे रोप फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियातून मागवणार असाल तर थांबा. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही राहते, म्हणून त्या भागांतून रोपे हलवण्यावर निर्बंध आहेत.

मोकळ्या झालेल्या वाफ्यात ऑक्टोबरातच लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून दोन इंच खोल लावाव्यात आणि वर मेपल-ओकची चुरडलेली पाने जाडसर पसरावीत. तिकडे तो बर्फाखालून वसंतात वर येतो आणि जुलैत काढणीला येतो.

प्रश्न: अक्षय्य तृतीयेला कुंड्यांत लावलेल्या हळदीची पाने आतापासून पिवळी पडू लागली आहेत. खणून काढावी का? (एक वाचिका, सातारा)

उत्तर: आत्ता काढल्यास कंद कोवळे, पाणीदार निघतील. हळदीला आठ ते नऊ महिने लागतात आणि पाने पूर्ण वाळून आडवी होतात तेव्हाच, म्हणजे जानेवारीच्या सुमारास, ती खणावी. मात्र आत्ताचे पिवळेपण कोणते आहे ते तपासा. खालची एक-दोन जुनी पाने पिवळी असतील तर वर दोन मुठी गांडूळखत व माती टाकावी, आणि पातोळ्यांसाठी श्रावण-भाद्रपदात पुष्कळ पाने काढली असतील तर उरलेली आता काढू नयेत, कारण कंद याच पानांच्या बळावर भरतो. संपूर्ण खोड पिवळे असून हलक्या ओढीने हातात येत असेल आणि बुडाशी घाण वास असेल तर ती कंदकूज आहे. ती कुंडी वेगळी करावी, कुजलेले कंद मातीसह बाहेर टाकावेत, शेजारच्या कुंड्यांचे पाणी निम्मे करावे आणि त्यांची छिद्रे मोकळी आहेत की नाहीत ते आजच पाहावे.